बारकीची उडी आणि माझी सही

मला कोणी विचारलं नाही तरी मी सल्ला देतो, आणि विचारलं तर मग बघायलाच नको. धंदाच तसा आहे. मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. माझं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर रहदारीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी असलेली एकुलती एक गाडी, जिला माझ्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच आहे. त्या ब्रेकवर पाय ठेवून मी आयुष्यभर दुसऱ्यांना धीर देत आलोय. आपला पाय ब्रेकवर असला की दुसऱ्याला धीर देणं फार सोपं असतं. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला भाचीच्या कॉलेजचा खर्च भरावा लागला.

माझ्या गाडीत एक नियम होता. शिकणाऱ्याची गाडी चढावर बंद पडली, मागचा हॉर्न मारतोय, शिकणारा रडकुंडीला येऊन ‘मला उतरू द्या’ म्हणतोय, तरी मी उतरू द्यायचो नाही. आधी गाडी चढ चढवायची, मग उतरायचं. घाबरून उतरलेला माणूस परत स्टिअरिंगला हात लावत नाही, हे माझं ठाम मत. या नियमावर मी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. फक्त एक बेकरीवाला तेवढा राहिला. तो परीक्षेत इतक्यांदा नापास झाला की परीक्षा घेणारे साहेबच त्याला बघून घाबरायचे.

तर माझी भाची. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून तिला सगळे बारकी म्हणतात. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बारकी अभ्यासात हुशार, पळण्यात चपळ आणि बोलण्यात कमी. घरात बोलण्याचं खातं माझ्याकडेच असल्यामुळे तिला कधी गरजही पडली नाही. बारावीनंतर तिने चार ठिकाणी परीक्षा दिल्या, त्यात मिलिटरी कॉलेजची परीक्षा ती पास झाली. ती द्यायला कोणी सांगितलं होतं? मीच. तिथलं सगळंच सरकारी खर्चाने. फी नाही, जेवणाचे पैसे नाहीत, बूटसुद्धा फुकट. बदल्यात शिकून झाल्यावर काही वर्षं लष्करात नोकरी करायची. भावोजींचं घर भाड्याचं आणि नोकरी कंत्राटी. त्यांना दुसऱ्या कुठल्या कॉलेजची फी झेपणारी नव्हती. फुकट म्हटल्यावर मी तर नाचायचाच बाकी राहिलो.

पण जामीनदार लागत होता. मुलीने पहिल्या सहामाहीत कॉलेज सोडलं तर कोणी कोणाचं काही देणं लागत नाही. त्यानंतर मधेच सोडलं, तर तोपर्यंत झालेला सगळा खर्च जामीनदाराने भरायचा, तोही एकरकमी. जामीनदाराच्या नावावर काहीतरी मालमत्ता हवी. ताई आणि भावोजी एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्या नावावर मालमत्ता म्हणजे बारकी.

मी खिशातून पेन काढलं. ‘‘मामा कशाला असतो?’’ असं म्हणालो. खरंच म्हणालो. ताई म्हणाली, नीट वाचून बघ रे, घाई करू नकोस. मी म्हणालो, वाचायचंय काय, आपली पोरगी मधे सोडून येणाऱ्यातली आहे का? आणि माझी ती लांबलचक सही ठोकून दिली. बायको शेजारी बसली होती. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या बघण्याचा अर्थ मला आधीच कळायला हवा होता. या सगळ्यात बारकीला काय हवंय ते विचारायचं राहूनच गेलं. राहून गेलं तरी कसं म्हणू? मधे कोणाला बोलायला जागा ठेवली असती तर विचारलं असतं ना.

ती गेली आणि इथे मिलिटरीत मी भरती झालो. तिचा गणवेशातला फोटो मोठा करून रहदारीच्या खुणांच्या शेजारी लावला. स्कूलचा बोर्ड नव्याने रंगवून घेतला आणि त्यावर ‘लष्करी शिस्तीत प्रशिक्षण’ असं लिहिलं. केस बारीक कापले. शिकायला येणाऱ्यांना दारात रांगेत उभं करायला लागलो. एका आजींनी विचारलं की गाडी शिकायला छाती पुढे कशाला काढायची, तर त्यांना मी देशावर भाषण दिलं. चहाच्या टपरीवर तर माझ्या भाचीशिवाय विषयच नाही. लोक मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. मी आपणहून चढलो होतो आणि वरून सगळ्यांना हात करत होतो.

सुरुवातीला बारकीचे फोन नेमाने यायचे, ठीक आहे, बरं आहे, जेवते. मग एक दिवस भरदुपारी मला स्कूलमध्ये फोन आला. म्हणाली, ‘‘मामा, मला इथून यायचंय.’’

मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, काही झालं नाही, इथे मला आवडत नाही. सकाळी डोळे उघडले की उठावंसंच वाटत नाही. कोणी वाईट वागत नाही, पण हे आयुष्य माझं नाही असं वाटतं. मी पुन्हा विचारलं, पण झालं काय? माझ्या डोक्यात कसं असतं, गाडी बंद पडली तर काहीतरी कारण असणार. क्लच लवकर सुटला असेल, नाहीतर पेट्रोल संपलं असेल. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा ती म्हणाली की तलावात उंच फळीवरून बूट-कपड्यांसकट उडी मारायची असते, ती तिला जमत नाही. दर आठवड्याला ती वर चढते आणि पायऱ्यांनी खाली येते. सगळे बघत असतात.

झालं. मला दुखणं सापडलं. बाकी तिने जे सांगितलं होतं ते माझ्या एका कानातून शिरून दुसऱ्याने निघून गेलं. उडी! अगं, एवढंच? मी तिला चढावरच्या गाडीची गोष्ट सांगितली. बेकरीवाल्याची सांगितली. घाबरून उतरलेला माणूस कसा जन्मभर पायी चालतो ते सांगितलं. शेवटी म्हणालो, ‘‘एकदा उडी मार. मग काय ते बोलू.’’

ती मग म्हणाली, ‘‘बरं.’’

ताईला तिने हेच सांगितलं होतं, आणि ताईने ते नीट ऐकलं होतं. ताई धावतपळत स्कूलमध्ये आली. म्हणाली, सहामाही संपायला अजून अवकाश आहे, आत्ताच आणू या तिला, रडत नाही ती, पण आवाज बसलाय तिचा. मी ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सल्ला दिला. पोरं सुरुवातीला अशीच करतात, आईने विरघळायचं नसतं. आत्ता माघारी आणलीस तर जन्मभर तिला वाटत राहील की मी हरले. ताई म्हणाली, तुला वाटेल की तिला? मी म्हणालो, काय बोलतेस, मला कशाला? त्या वेळी माझ्या डोक्यावर, भिंतीपलीकडे, नव्या रंगाचा तो बोर्ड होता. रंगाऱ्याचे पैसेसुद्धा अजून द्यायचे होते. ताई पाणी न पिताच गेली.

मधे बरेच दिवस फोन आला नाही. मी त्याचा अर्थ काढला की गाडी रुळावर आली. माणसाला अर्थ काढायला काही पैसे पडत नाहीत. सहामाही संपली त्या दिवशी तर मी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

त्यानंतर आठवड्याभराने फोन आला. मी बेकरीवाल्याला गाडी मागे घ्यायला शिकवत होतो. बारकी म्हणाली, ‘‘मामा, उडी मारली.’’

मी गाडीतच ओरडलो. बेकरीवाल्याने दचकून ब्रेकऐवजी भलतंच काहीतरी दाबलं आणि गाडी कचरापेटीला जाऊन टेकली, तरी मी त्याला मिठी मारली. बघ, म्हणालो, सांगितलं नव्हतं? कशी वाटली? ती म्हणाली, काही नाही वाटलं. एकदा मारली, मग पुन्हा दोनदा मारली. आता भीती नाही वाटत.

आणि मग म्हणाली, ‘‘आता येऊ?’’

मी! ज्याच्या तोंडाला कधी कुलूप नाही, तो मी कचरापेटीकडे बघत बसलो. ती हळू आवाजात पुढे बोलत राहिली. तू म्हणालास उडी मार, मग बोलू. म्हणून थांबले. मला भीती वाटते म्हणून यायचं नाहीये, मला इथे राहायचंच नाहीये. आधीही तेच म्हणत होते. मग म्हणाली, ‘‘सहामाही संपली ते माहीत आहे मला. आता तुला पैसे भरावे लागतील. म्हणून विचारते. तू नाही म्हणालास तर राहीन, मामा. पुन्हा विचारणार नाही.’’

मी म्हणालो, विचार करून सांगतो. उभ्या आयुष्यात मी विचार करून काही सांगितल्याचं कोणाला आठवत असेल तर त्याने पुढे यावं.

कॉलेजच्या कचेरीत फोन करून आकडा विचारला. तो इथे सांगत नाही, बायको वाचेल. एवढंच सांगतो की गाडी विकली आणि बँकेतलं सगळं काढलं तर भागत होतं, आणि गाडी विकली तर मी भिंतीवरचा तक्ता दाखवून लोकांना गाडी शिकवणार होतो. पुढचे काही दिवस मी नुसता धुमसत होतो. सरकारवर, कॉलेजवर, सहामाहीवर. शिकायला येणाऱ्यांवर तर इतका खेकसलो की त्या आजी मला म्हणाल्या, बाबा रे, तूच जरा उतर गाडीतून. घरी खुर्चीत बसलो तरी उजवा पाय आपोआप जमीन दाबायचा. स्वतःची गाडी उतारावर सुटली तेव्हा ब्रेक म्हणून काही नव्हतंच तिथे.

बायकोला विचारलं, काय करू? ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘सही करताना विचारलं होतं?’’ मी म्हणालो, नाही. ‘‘मग आता कशाला विचारता?’’ या बाईने एकदा तरी भांडावं, म्हणजे मलाही दोन शब्द बोलता येतील. पण नाही.

मी मनात हिशेब जुळवत आणला होता. अजून काही वर्षंच तर आहेत. पोरगी शहाणी आहे, राहीन म्हणाली आहे. सवय होते माणसाला. मला तरी कुठे रोज उठून बेकरीवाल्याच्या शेजारी बसायला आवडतं? करतोच ना. नोकरी पक्की, मान आहे, पगार आहे. असं सगळं छान जुळलं होतं, तेवढ्यात ताई आली.

तिने काही मागितलं नाही. उलट म्हणाली, तू काळजी करू नकोस, मी बारकीशी बोलले. तिला म्हटलं, राहा तिथेच. मामाने तुझ्यासाठी सही केली, त्याची गाडी गेली तर तो खाईल काय? थोडं सोस. ती हो म्हणाली. हे सगळं ताई माझी समजूत काढावी तशा सुरात सांगत होती. जी बाई पोरीला घरी आणा म्हणून माझ्या दारात धावत आली होती, तिनेच पोरीला तिथे राहायला सांगितलं होतं, आणि कशासाठी, तर माझ्या त्या गाडीसाठी, जिचा मागचा दिवा बेकरीवाल्याने फोडला होता.

मला इतका राग आला की मी ताईवरच ओरडलो, तुला कोणी सांगितलं होतं मधे पडायला? ती घाबरली. खरं तर राग तिचा नव्हता. मला लाज वाटत होती आणि ती कुठे ठेवावी ते कळत नव्हतं. आयुष्यभर मी ताईला अक्कल शिकवली, आणि तिने मात्र मला वाचवायला स्वतःच्या पोरीला पुढे केलं. मी म्हणालो, ताई, तिला फोन लाव. ताईने लावला. मी बारकीला म्हणालो, ‘‘सामान बांध.’’ ती म्हणाली, ‘‘मामा, पण गाडी?’’ मी म्हणालो, गाडीचं तू मला शिकवू नकोस. आणि फोन ठेवला.

गाडी घेतली कोणी? बेकरीवाल्याने. परवाना नाही, पण रोकड होती. म्हणाला, याच गाडीची सवय आहे मला, हिच्या दोन्ही बाजूंना ब्रेक आहे. दिवा फुटका म्हणून त्याने पैसे कमी केले. तो कोणी फोडला, हे त्याला आठवत नव्हतं.

बसने कॉलेजला गेलो. कचेरी लखलखीत, टेबलावर एक कागद वाकडा नाही. समोर एक मेजरसाहेब, वयाने माझ्यापेक्षा लहान, पण मी आपोआप छाती पुढे काढून उभा राहिलो. त्यांनी खर्चाचा तपशील पुढे केला. शिकवणी, राहणं, जेवण, बूट, केस कापणं. मी शिकवणारा माणूस, तपशील बघितला की हात शिवशिवतात. म्हणालो, साहेब, जेवणाचे एवढे? ही पोरगी तर चिमणीएवढं खाते. साहेब म्हणाले, ठरलेला दर आहे. मी म्हणालो, केस कापायचे पैसे कशाला, ते तर तुम्हालाच कापायचे होते. त्यांनी मान डोलावली आणि आकडा तसाच ठेवला. मग पोहण्याच्या शिक्षणाचे पैसे दिसले. मी म्हणालो, हे मात्र नाही देणार, उडी तिला मी फोनवर शिकवली. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खिशातून पैसे काढले. लोक म्हणतात लष्कराच्या भाकऱ्या भाजू नयेत. भाजल्या असत्या तर स्वस्तात पडलं असतं, मी त्यांचं बिल भरत होतो.

बारकीला बोलावलं. ती आत येऊन ताठ उभी राहिली. वाळली होती. गालांची हाडं वर आली होती, आणि मी तिकडे मोठा केलेल्या फोटोत तिचे भरलेले गाल लोकांना दाखवत होतो. मेजरसाहेब मला म्हणाले, मुलगी चांगली आहे, टिकली असती. मग त्यांनी तिला विचारलं, नियमच असावा तो, की हा निर्णय तुझा स्वतःचा आहे ना? ‘‘घरच्यांचा काही दबाव?’’

बारकी म्हणाली, ‘‘होता, सर. आता नाही.’’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. माणूस सभ्य होता. त्यांनी पावतीवर शिक्का मारला आणि मला कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. मला माझी ती लांबलचक सही करायची इतकी लाज वाटली की मी कसंबसं आडनाव तेवढं लिहिलं.

परतीच्या बसमध्ये बारकी खिडकीशी बसली. म्हणाली, ती आता शिक्षिकेचा कोर्स करणार आहे, संध्याकाळी शिकवण्या घेईल आणि माझे सगळे पैसे फेडेल. मी म्हणालो, एवढी फी भरून मिलिटरी कॉलेजात शिकलो मी, तू कशाला फेडतेस? ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मामा, तू तेव्हाच हो म्हणाला असतास ना, तर फुकटात झालं असतं.’’ तिने हे रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, हो.

शेजारच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ होते. बारकीचे कापलेले केस आणि बॅगेवरचं कॉलेजचं चिन्ह बघून त्यांनी कौतुकाने विचारलं, सुट्टीवर वाटतं? माझं तोंड सवयीने उघडलं. भाची आहे माझी, परीक्षेत पहिली आली होती, उंच फळीवरून उडी मारते, सगळं जिभेवर होतं. बारकी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘‘सोडून आली. तिला तिथे आवडत नव्हतं.’’

गृहस्थांना वाईट वाटलं. त्यांनी मान हलवली, मग माझ्याकडे झुकून, तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, ‘‘आपण मोठ्या माणसांनी जरा समजावायला हवं होतं.’’

‘‘समजावलं होतं हो,’’ मी म्हणालो. ‘‘त्याचेच पैसे भरून येतोय.’’